गाडी आपल्या दारात, खबर परक्याच्या हातात

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता आपल्या बाजारपेठांतही दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत मोबाईलमधले ॲपही आले आहे. गाडी बाहेर उभी असते, मालक गल्ल्यावर बसलेला असतो आणि बॅटरीत किती टक्के चार्ज आहे, चार्जिंग चालू आहे की मध्येच तुटले, दरवाजे बंद आहेत की नाहीत, हे सारे त्याला बसल्या जागी कळते. ज्याची गाडी पहाटे माल घेऊन निघते त्याच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. रात्री वीज गेली व चार्जिंग थांबले हे निघायच्या वेळी कळण्यापेक्षा आधी मोबाईलवर कळलेले केव्हाही बरे. तेव्हा या सोयीला आमचा विरोध नाही. व्यापारी बंधूंनी तिचा हिशेब मात्र पुरता मांडावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

मोबाईल गाडीशी थेट बोलतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः गाडीच्या आत एक सिमकार्ड असते. गाडी आपली खबर कंपनीच्या सर्व्हरला कळवते आणि सर्व्हर ती आपल्यापर्यंत पोहोचवतो. म्हणजे मालक आणि त्याची स्वतःची गाडी यांच्यामध्ये एक आडत्या बसलेला आहे. आडत्या चोख असला तर काम बिनबोभाट चालते. तो आजारी पडला, बेफिकीर निघाला किंवा दुकान बंद करून गेला तर काय होते, याचे दाखले परदेशात मिळाले आहेत.

१९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्ला कंपनीचा सर्व्हर बिघडला. केवळ मोबाईलवर विसंबलेल्या काही मालकांना गाडी समोर उभी असूनही उघडता येईना. २०१६ साली निसान लीफ गाडीच्या ॲपमधली ढिलाई ट्रॉय हंट या तज्ज्ञाने उघड केली. काचेखाली कोणालाही वाचता येणारा गाडीचा क्रमांक हाती असला की पुरे, संकेतशब्दाची गरजच नव्हती. ऑस्ट्रेलियात बसून त्याने इंग्लंडमधील मित्राच्या गाडीचा एसी सुरू करून दाखवला. उभ्या गाडीची बॅटरी उतरवून ठेवायला एवढे पुष्कळ झाले. कंपनीला ती सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. पुढे १ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमधील २०१९ पूर्वीच्या बहुतेक लीफ आणि ई-एनव्ही२०० मालवाहू व्हॅन यांचे ॲप कायमचे बंद झाले, कारण त्यांतली यंत्रणा जुन्या २जी जाळ्यावर चालणारी होती. गाड्या धडधाकट होत्या, पण किंमत मोजून घेतलेली सोय गेली.

डिसेंबर २०२४ मध्ये तर फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विद्युत गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडल्याचे जर्मनीत निष्पन्न झाले. त्यांपैकी सुमारे ४ लाख ६० हजार गाड्या कोठे उभ्या केल्या जात याचा ठावठिकाणा त्यात होता. कोणी म्हणेल, आम्ही कोठे जातो यात लपवण्यासारखे काय आहे? परंतु माल कोणाकडून उचलतो, कोणत्या गिऱ्हाइकाकडे आठवड्यातून किती खेपा होतात, हीच तर व्यापाऱ्याची खरी पुंजी असते. ती आपण शेजारच्या दुकानदाराला सांगत नाही.

आता आपल्या कारागिरांचा प्रश्न. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. नव्या गाडीचा दोष मात्र प्रथम कंपनीला कळतो, मग मालकाला, आणि मिस्त्रीला कळेलच असे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी सुमारे ७५ टक्के कौल देऊन असा कायदा मंजूर केला की गाडी जी माहिती बिनतारी कळवते ती मालकाला आणि त्याने सांगितल्यास बाहेरच्या गॅरेजलाही मिळावी. मोटार कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, यावरूनच त्या माहितीचे मोल कळते. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी नेमकी हीच मागणी लावून धरायला हवी होती, अजूनही धरावी. शेड आणि जागेच्या प्रश्नांतून त्यांना सवड मिळत नाही हे आम्ही जाणतो.

दरम्यान जे काम हातात आहे ते सोडू नये. विद्युत गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. कुलपे आणि संगणक तिच्यावर चालतात. उभी गाडी झोपी जाते. ॲपवरून दर घटकेला विचारपूस केली की तिला वारंवार जागे व्हावे लागते आणि लहान बॅटरी उतरू शकते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. हे मर्ज आपल्या बॅटरीवाल्यांना ओळखता येण्याजोगे आहे.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ॲपवर दिसणारी टक्केवारी चार्जची असते, बॅटरीच्या तब्येतीची नव्हे. थकलेली बॅटरीही पूर्ण भरली की १०० टक्केच दाखवते. तेव्हा ऐब झाकला जाऊ नये म्हणून गाडी चालवून, किती किलोमीटरला किती टक्के उतरले हे गिऱ्हाइकासमोर मोजावे. दुसरे असे की, कागदपत्रे नावावर झाली तरी जुन्या मालकाचे ॲप आपोआप तुटतेच असे नाही. आयबीएमचे चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये सांगितले की, विकून काही वर्षे झालेली आपली जुनी गाडी त्यांना फोनवर अजूनही दिसत होती. अशी गाडी विकणे म्हणजे अर्धा ताबा देऊन पूर्ण पैसे घेणे होय. म्हणून उरलेली रक्कम देण्याआधी जुन्या मालकाला समोर बसवावे, त्याच्या मोबाईलवरून गाडी काढून टाकायला लावावी आणि ती नव्या मालकाच्या नावे जोडून झाल्यावरच चाव्या घ्याव्यात.