पेट स्कॅनला जाताय? ताप लपवू नका, आधी फोन करा!



राणीसावरगाव आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर ज्यांच्या घरी कॅन्सरचा उपचार चालू आहे त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. पेशंटला गाडीनं नेणारे, सोबत जाणारे आणि माझ्यासारखे गोळ्या-औषधं विकणारे, यांनीही ते वाचावं. भादव्यात दरवर्षी तापाची साथ येते, यंदाही घरटी एक जण अंथरुणावर आहे. नेमकी याच दिवसांत कुणाची तरी पेट स्कॅनची तारीख लागते. उपचार बार्शीला असो, संभाजीनगरला, पुण्याला की मुंबईला, विनंती एकच आहे. स्कॅनच्या दिवशी अंगात ताप असेल किंवा आधीच्या पंधरा दिवसांत येऊन गेला असेल, तर स्कॅन सेंटरला तसं सांगा. तेही आदल्या दिवशी, फोनवर.

औषधाच्या दुकानावर बसत असल्यामुळे मला एक गोष्ट वारंवार दिसते. दिवेलागणीला एखादा मुलगा येतो. "काका, ताप उतरायची गोळी द्या. आईला थंडी वाजून आलीय. पहाटे चारला गाडी निघतीय, मशीनमधी घालायच्या आत उतरला पाहिजे." त्याचंही चूक म्हणता येत नाही. महिनाभर थांबून तारीख मिळालेली असते, गाडीचा विसार दिलेला असतो, पैसे कुणाकडून तरी उसने आणलेले असतात. ताप आहे म्हटलं तर परत पाठवतील, ही भीती. गोळीनं ताप उतरतोही. थर्मामीटर 101 वरून 98 वर येतो आणि घरच्यांना वाटतं, काम झालं.

पण पेट स्कॅन अंगाची उष्णता मोजत नाही. शरीरातला कुठला भाग किती साखर खातोय, ते तो पाहतो. एक्स-रे आणि सोनोग्राफीत अवयवाचा आकार दिसतो, इथं त्याचं काम दिसतं. हातातल्या शिरेतून साखरेसारखंच एक औषध देतात, त्याला एफडीजी म्हणतात. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. पेशी ते साखर समजून आत ओढतात, पण पुढं पचवू शकत नाहीत, म्हणून ते आतच अडकून राहतं. तासाभरानं मशीनखाली घेतलं की जिथं जास्त साखर ओढली गेली ती जागा उजळ दिसते. कॅन्सरच्या बहुतेक गाठी साखरेच्या भुकेल्या असतात, म्हणून त्या सापडतात. 1976 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे औषध पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. आपल्याकडे ही तपासणी 2002 मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली.

अडचण अशी की साखरेची भूक फक्त कॅन्सरला नसते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तितक्याच अधाशी असतात. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे शेतात राबणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ते अवधाण म्हणजे लढाईला उभी राहिलेली लसिकाग्रंथी. त्या दिवशी स्कॅन केला तर ती ठळक उजळते. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या पायातला काटा ठाऊक नसतो. त्यांना जांघेतली एक उजळ गाठ दिसते, आणि पेशंट आहे कॅन्सरचा. पुढं सुई घालून तुकडा काढायचा, तपासायला पाठवायचा, पुन्हा खेप आणि पुन्हा खर्च. घरच्यांची झोप उडते ती वेगळीच.

तापात हेच सगळ्या अंगभर होतं. हाडांच्या आतली मज्जा पांढऱ्या पेशी बनवायच्या कामाला जुंपली जाते, त्यामुळं मणक्यांपासून कंबरेच्या हाडांपर्यंत सगळं उजळून निघतं. पानथरीही उजळते. थंडी वाजून कुडकुडलात तर दंडा-मांड्यांचे स्नायू साखर ओढतात. मुळात ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की शरीराचा इंधनाचा खर्च दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो. अशा फोटोत दोन्हीकडून घोटाळा होऊ शकतो. नसलेला आजार आहेसा वाटतो, किंवा मज्जा एवढी लखलखते की हाडातला खरा छोटासा डाग त्या उजेडात बुडून जातो. मला विचाराल तर दुसरा घोटाळा जास्त घातक. पहिल्यात धावपळ होते, दुसऱ्यात सगळे निर्धास्त होऊन घरी येतात.

पॅरासिटामॉलनं आकडा खाली येतो, अंगदुखी कमी होते. पण मज्जेचं आणि ग्रंथींचं जे काम चाललेलं असतं ते थांबत नाही. ताप उतरल्यावरही ते काही दिवस चालू राहू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या, पण घेतली हे सांगा.

लसीचंही तसंच. 2021 मध्ये कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा जगभरच्या स्कॅन सेंटरांमध्ये पेशंटच्या काखेतल्या गाठी उजळलेल्या दिसू लागल्या. ज्या हातात लस, त्याच बाजूची काख. तेव्हापासून लस कधी आणि कुठल्या हातावर घेतली, हे विचारायची पद्धत पडली. क्षयरोग तर आपल्या भागात घरोघरी माहीत असलेला आजार. त्याच्या गाठी स्कॅनमध्ये हुबेहूब कॅन्सरसारख्या उजळू शकतात. पूर्वी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर तो कागद फाइलीत ठेवा. किडलेली दाढ, चिघळलेली जखम, केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला दिलेलं इंजेक्शन, हेही सांगायचं. त्या इंजेक्शननंतर मज्जा तापासारखीच उजळते.

म्हणजे ताप आला की स्कॅन रद्दच, असं मात्र नाही. काही वेळा ताप हटत नाही, कारण सापडत नाही, म्हणूनच डॉक्टर पेट स्कॅन सांगतात. तिथं तापातच जायचं असतं. लिम्फोमासारख्या काही कॅन्सरमध्ये आजारामुळंच ताप येतो. थांबायचं की जायचं, हे डॉक्टर ठरवतील. आपण फक्त खरं सांगायचं.

फोन आदल्या दिवशीच का? एफडीजी साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्राच्या मदतीनं ते त्याच दिवशी तयार होतं, आणि दर 110 मिनिटांनी त्यातली किरणोत्सारी शक्ती निम्मी होते. तुमच्या नावाचा डोस निघाल्यावर सकाळी तिथं पोचून ताप आहे म्हणालात, तर तो वाया जातो. मग तिथल्या माणसांचा आवाज चढतो, आणि आपला माणूस पुढच्या वेळी गप्प बसायला शिकतो. आदल्या दुपारी फोन केला तर तुमच्या जागी दुसऱ्याला बोलावता येतं आणि तुम्हाला नवी तारीख मागता येते.

एक गोष्ट याहून महत्त्वाची. केमो चालू असलेल्या माणसाला 101 ताप आला, तर स्कॅनचा विचार बाजूला ठेवा. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, अशा वेळी साधा जंतूसुद्धा काही तासांत जिवावर बेततो. सकाळची वाट पाहू नका, माझ्या दुकानावर गोळी मागायलाही येऊ नका. रात्र असो की पाऊस, थेट दवाखाना गाठा आणि केमो चालू आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा.

आता उपासाबद्दल, कारण नवरात्र तोंडावर आहे. स्कॅनच्या आधी चार ते सहा तास उपाशी राहायचं असतं, आणि हा उपास रेणुकादेवीच्या उपासासारखा नाही. साबुदाणा, भगर, केळं, दूध, साखरेचा चहा, काहीही चालत नाही. साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी अनवाणी चालत देवीला जाणं, कापूस वेचणं, ओझी उचलणंही टाळा. दमलेले स्नायू दुसऱ्या दिवशीही साखर ओढतात. इंजेक्शननंतरचा तास गप्प पडून राहायचं. बोललं तर घशाचे स्नायू उजळतात, चघळलं तर जबड्याचे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटनं त्या तासात तंबाखूची गोळी गालात धरली तर फोटो कुठल्या जागेचा बिघडेल, ते सांगायला नको. (हे मी उगाच लिहीत नाही.)

शुगरवाल्यांनी जास्त जपावं. तापात शुगर चढते, आणि रक्तातली शुगर 200 च्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढं ढकलतात. इन्सुलिन घेतलं की एफडीजी स्नायूंकडं वळतं, म्हणून इन्सुलिन किती वाजता घ्यायचं, हे सेंटरला विचारा. गोळी किंवा इन्सुलिन मनानं बंद करू नका.

आशाताईंना विनंती, घरभेटीत तापाची नोंद घेताना स्कॅनची तारीख आहे का, एवढं विचारा. मेडिकलवाल्या मित्रांनो, कॅन्सरच्या घरचा माणूस तापाची गोळी मागायला आला तर गोळी देण्याआधी केमो चालू आहे का, तेही विचारा.

आणि जीप-गाडीवाल्या भावांनो, खरी कळ तुमच्या हातात आहे. पेशंटची तारीख तापामुळं पुढं गेली तर विसार बुडवू नका, तोच पुढच्या खेपेला धरा. निम्मे लोक ताप लपवतात ते त्या पैशापायी. डिझेलचा भाव मलाही कळतो, पण लग्नाचं भाडं आणि पेशंटचं भाडं यात फरक करा.

सेंटरकडून मिळणारा सूचनांचा कागद बऱ्याचदा इंग्रजीत असतो. ज्यांची तारीख येत्या महिन्यात आहे त्यांनी तो घेऊन दुकानावर या. मराठीत वाचून दाखवीन आणि तिथूनच सेंटरला फोन लावून देईन. दुपारी दुकान बंद असतं, सकाळी नाहीतर दिवे लागल्यावर या.

आपला,
गावातला एक औषध दुकानदार