विलायती पाइप आणि घरांतले तीन पक्ष

राहात्याहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली असतां तींत त्यांच्या आजेसासऱ्यांचा तंबाखू ओढण्याचा विलायती पाइप सांपडला. आजेसासरे पाटबंधाऱ्याच्या खात्यांत ओव्हरसियर होते. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, त्या कामावर त्यांनीं उमेदवारीचीं वर्षें काढलीं, आणि मायदेशीं परतणाऱ्या एका साहेबानें जातांना हा पाइप त्यांस दिला, असें घरांत सांगतात. आतां त्यावरून तीन पक्ष पडले आहेत. धाकटे दीर म्हणतात, असल्या वस्तूंचे शौकीन असतात, चांगली किंमत येईल, विकून टाकूं. थोरल्या चिरंजीवांस तो घासूनपुसून स्वतः ओढावयाचा आहे. आणि सासूबाईंचें म्हणणें असें कीं, दुसऱ्याच्या तोंडांतली वस्तु, तीहि गेलेल्या माणसाची, ती घरांत ठेवूंच नये, गोदावरींत सोडून द्यावी.

सासूबाईंचा मुद्दा आम्ही शेवटीं घेतों, कारण तोच सर्वांत वजनदार आहे. आधीं ही वस्तु काय आहे तें पाहूं.

ब्रायर म्हटलें म्हणजे गुलाबवर्गाचें कांटेरी झुडूप नव्हे. फ्रेंच भाषेंतील 'ब्रुयेर' या शब्दाचें तें इंग्रजी जिभेवर झालेलें रूप आहे. भूमध्य समुद्राच्या आसपास एरिका आर्बोरिआ नांवाचें झुडूप होतें. त्याच्या मुळांच्या आणि खोडाच्या मध्यें, जमिनींत, एक कठीण गांठ वाढते आणि ती पाइपाजोगी व्हावयास कित्येक दशकें जातात. ती खणून, ओली असतांच कापून, तासन् तास उकळतात म्हणजे आंतला तुरटपणा निघून जातो. मग महिनोन् महिने सावलींत वाळूं देतात. असें लांकूड निखारा पोटांत घेऊनहि सहसा जळत नाहीं, हातास चटका देत नाहीं आणि धुरांतला ओलावा आपल्यांत शोषून घेतें. फ्रान्समध्यें जुरा पर्वतांत सेंट क्लोद नांवाचें गांव आहे. तेथील कारागीर यात्रेकरूंसाठीं लांकडी जपमाळा आणि मूर्ति करीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेच हात ब्रायरच्या पाइपांकडे वळले. जपमाळ सोडून चिलमीकडे, असें आमच्या आजीनें म्हटलें असतें! तेथूनच आंरी कोमॉय १८७९ सालीं लंडनला गेले. डब्लिनच्या पीटरसननें १८९० सालीं धुराचें पाणी सांठविण्याच्या खोबणीचें पेटंट घेतलें. आल्फ्रेड डनहिल यांनीं १९०७ सालीं लंडनला तंबाखूचें दुकान काढलें आणि १९१० पासून स्वतःचे पाइप करण्यास आरंभ केला. त्यांच्या पाइपाच्या नळीवर वरच्या अंगास पांढरा ठिपका असतो.

आपल्या पाइपाचें वय काढणें तितकें अवघड नाहीं. त्यास चांदीचें कडें असेल तर तें भिंगाखालीं धरावें. चालता सिंह म्हणजे चांदी शुद्ध, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचें तोंड म्हणजे लंडन. आणि शेजारचें एकच अक्षर म्हणजे साल. त्या अक्षरांचे तक्ते छापलेले मिळतात. डनहिलचा पाइप असेल तर 'इंग्लंड' या शब्दानंतरच्या बारीक आंकड्यावरून वर्षाचा हिशेब लागतो. म्हणूनच दीरांस आमची पहिली विनंति अशी कीं, रांगोळी, चिंच, पितांबरी यांपैकीं कांहींहि त्यास लावूं नये. जोरानें घासलें कीं हीं अक्षरें जातात, आणि अक्षरांबरोबर किंमतहि जाते.

चिरंजीवांस मात्र आम्ही थोडें खडसावून सांगूं. पाइपाचा धूर छातींत न घेतां तोंडांतच खेळवितात, म्हणून तो निरुपद्रवी, अशी जुन्या लोकांची समजूत होती. ती साफ चुकीची आहे. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाशीं पाइपाचा संबंध पुराव्यानें ठरलेला आहे. पाइप स्वच्छ अवश्य करावा. भांड्यांत कोळशाचा जो थर बसला असेल तो नाण्याच्या जाडीइतका ठेवून बाकीचा हलक्या हातानें खरवडावा. त्यांत शुद्ध स्पिरिटांत भिजविलेला कापूस भरून रात्रभर ठेवावा, म्हणजे वर्षांनुवर्षांचें कीट कापसांत उतरतें. एवढें करून तो कपाटांत ठेवावा. संग्रह करणाऱ्या पुष्कळांच्या पाइपांस पुन्हा काडी कधीं लागत नाहीं आणि त्यामुळें त्यांच्या आनंदांत कांहीं उणें पडत नाहीं. आमच्याकडे अडकित्त्यांचा संग्रह करणारे सारे सुपारी थोडेच खातात?

आतां उष्ट्याचा प्रश्न. तो सोडवावयास राहातेकरांस दूर जावें लागत नाहीं. पांच किलोमीटरांवर शिर्डी आहे. साईबाबा शिर्डी सोडून फारसे कोठें जात नसत. जात ते नीमगांवास आणि राहात्यास. राहात्यास चंद्रभान शेट मारवाडी आणि त्यांच्यामागें त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्याकडे त्यांचें जाणेंयेणें असे. बाबांची चिलीम तर सर्वश्रुत आहे. मातीची, अगदीं स्वस्त; ती द्वारकामाईंत सर्वांमध्यें फिरे. दाभोळकरांच्या साईसच्चरितांत चांद पाटलांची गोष्ट आहे. धुपखेड्याचे हे पाटील हरवलेली घोडी शोधीत असतां आंब्याखालच्या फकिरानें त्यांस चिलीम ओढावयास बोलाविलें. विस्तव नव्हता, तेव्हां चिमटा जमिनींत खुपसून निखारा काढला. छापी भिजवावयास पाणी नव्हतें, तेव्हां सटका आपटून पाणी काढलें. भाविकांनीं त्यांत चमत्कार पाहावा. आमचें लक्ष मात्र त्या छापीकडे जातें. चिलमीच्या बुडाशीं ओलें फडकें गुंडाळून, तें मुठींत धरून, मुठींतून धूर ओढावयाचा. ओठ मातीला लागत नाहींत. एक चिलीम दहा जणांत फिरते ती या रीतीमुळें. विलायती पाइपाला छापी नाहीं. तो एकाच माणसाच्या दांतांत बसतो, आणि त्या दांतांच्या खुणा नळीवर उमटतात. म्हणजे सासूबाई म्हणतात तें शब्दशः खरें आहे: ही वस्तु घडणीनेंच उष्टी आहे.

परंतु त्याच कारणासाठीं ती नदींत सोडूं नये, असें आम्हांस वाटतें. बाबांच्या चिलमी शिर्डीस संस्थाननें जपून ठेविल्या आहेत. चिलीम ही फुटली तर बाजारांतून दुसरी आणावी अशी वस्तु. ती कांचेआड जाते ती त्या हाताकरितां. आपल्या ट्रंकेंतल्या पाइपावर तर हातापेक्षां अधिक कांहीं राहिलें आहे. नळी बहुधा एबोनाइटची, म्हणजे रबर व गंधक यांची, असेल. उन्हानें ती हिरवट पिवळी पडते. तें बारीक कागदानें काढतां येतें. पण एबोनाइट तापलें कीं मूळच्या आकाराकडे परतूं लागतें. ज्योतीवरून दोनचार वेळां हलकेंच फिरविलें तर दांतांचे खळगे भरून येतात आणि नळी कोरी होते. विकणारे लोक हें करतात. दोन मिनिटांचें काम आहे, आणि तें कोणासहि करूं देऊं नये.

एक शंका मात्र उरते. पाइप मूळ साहेबाचा. मग ते दांत साहेबाचे कीं आजेसासऱ्यांचे? यास थोडा उपाय आहे. भांड्याचा कांठ पाहावा. उजव्या हातानें काडी लावणाऱ्याचा कांठ बहुधा उजव्या बाजूस अधिक करपतो, डावऱ्याचा डाव्या. नळीवरच्या खुणाहि, पाइप तोंडाच्या ज्या कोपऱ्यांत धरावा तशा, एका अंगास कललेल्या असतात. सासूबाई सून म्हणून त्या घरांत आल्या तेव्हां मामंजी हयात असतील. ते काडी कोणत्या हातानें ओढीत आणि पाइप कोणत्या दाढेखालीं धरीत, हें त्यांच्यावांचून आतां कोण सांगणार? पाइप त्यांच्या हातीं न देतां, दुरूनच दाखवून विचारावें, आणि काय म्हणतात तें आम्हांस कळवावें.