खाड्यांचा हिशोब

आमच्या घरी कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात. १९७३ पासून हे कॅलेंडर निघतंय, आणि मुहूर्तापेक्षा बहुतेक घरांत त्याचा उपयोग याच कामाला जास्त होत असावा! दूध आलं नाही तरी तारखेचा चौकोन तिथे असतोच, म्हणून तर फुली मारता येते. डेटाबेसमध्ये मात्र आपण हा चौकोनच विसरतो.

तर झालं असं. २०१९ च्या पावसाळ्यात पेपरात येणारी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मी वहीत टिपत होतो. (३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरंसोरंही सांगतील.) परवा ती वही टेबलात भरली आणि एसक्यूएलने ऑगस्टची सरासरी काढली. आकडा इतका साधा आला की वाटलं, महापूर आलाच नव्हता की काय?

मग तारखांचं वेगळं टेबल केलं. पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सिरीजला १ जून आणि ३० सप्टेंबर दिले की १२२ ओळी तयार. (ती सोय नसेल तिथे रिकर्सिव्ह क्वेरीने एकेक दिवस मिळवत जायचं.) त्याला पातळीचं टेबल लेफ्ट जॉइन केलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ओळीच्या ओळी रिकाम्या! पाणी ५५ फुटांच्या वर, शिरोलीजवळ महामार्ग बुडालेला, आमच्या गल्लीत पेपर येणार कुठून? पुराचे दिवस तेवढे नेमके गायब.

मित्र म्हणाला, "शून्य टाक की तिथं." म्हणजे ऐन पुरात पंचगंगा कोरडी! दुधाच्या खाड्याला दूध खरंच आलेलं नसतं. इथे पाणी आलं होतं, नोंद आली नव्हती. त्या जागी नलच हवा.

माझं तर मत झालंय, कुठल्याही रोजच्या नोंदी ठेवायच्या तर पहिलं टेबल तारखांचं करावं. शंभर वर्षांच्या ओळी जेमतेम साडेछत्तीस हजार, त्यात जागेची काय रड? जपायचं ते दोन ठिकाणी. पातळीची अट व्हेअरमध्ये लिहिली तर रिकामे दिवस पुन्हा गळतात, ती जॉइनच्या ऑनमध्येच हवी. आणि काउंटमध्ये तारा टाकला तर रिकामा दिवसही नोंदीत धरला जातो.

असो. पाटबंधारे खात्याच्या नोंदी मिळवून त्या ओळी भरायच्या आहेत. तोवर सरासरीशेजारी किती दिवसांची नोंद नाही तेही लिहून ठेवलंय.