रूळ गेले, वाट राहिली

परवा देवणीहून एक पत्र आलं. सातवीतल्या एका मैत्रिणीचं. तिनं नाव छापू नका म्हटलंय, म्हणून छापत नाही. पत्र मात्र छापतो.

"काका, माझा आतेभाऊ कॅनडात मॉन्ट्रियलला असतो. त्यानं फोटो पाठवलाय. एका बाजूला झाडी, एका बाजूला मोठं तळं आणि मधून सायकलची वाट. दिवसभर सायकल चालवली तरी दम लागला नाही म्हणतो. रेल्वेच्या जागेवर केलेली वाट आहे म्हणे. मला शाळेला येताना एकच चढ आहे, पण तिथं लई दम लागतो. मागून ट्रक आला की मी घाबरून मातीत उतरते. एकदा पडले. आप्पा म्हणतात, आठवीपासून सायकल बंद, बसनं जायचं. पण बसचा काही नेम नाही. काका, रेल्वेच्या वाटेवर चढ का नसतो? आणि आपल्याकडं अशी वाट का नाही?"

दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा आहे. दुसऱ्यावर मी चार दिवस घालवले.

चढ नसतो असं नाही बरं का. असतो, पण कळत नाही इतका हलका. गाडीचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. लोखंडावर लोखंड छान पळतं, पण घट्ट पकड धरत नाही. चढ जरा जास्त झाला की इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून रेल्वे बांधणारे डोंगर आला की तो कापतात आणि निघालेली माती पुढच्या खोलगट जागेत भरून बांध घालतात. शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढा चढसुद्धा रेल्वेला पुरे वाटतो. त्याला 'शंभरात एक' म्हणतात. बोरघाटात तो सदतिसात एक आहे, तर तिथं गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात!

आता आपल्या मैत्रिणीचा चढ घेऊ. समजा तो विसात एक आहे आणि तिला तीस मीटर उंच जायचंय. तिचा चढ सहाशे मीटरांत संपेल. रेल्वेच्या वाटेनं तीच उंची गाठायला तीन किलोमीटर लागतील. वर चढण्याची मेहनत एकूण तेवढीच, पण ती पाचपट लांब अंतरावर वाटली गेली. दर पायंडलला पाचवा हिस्सा! आतेभावाला दम का लागला नाही, ते आलं ना ध्यानात? तो काही पैलवान नाही.

त्याच्या फोटोतली वाट मी शोधून काढली. मॉन्ट्रियलच्या उत्तरेला सेंट जेरोम नावाचं गाव आहे. तिथून डोंगर-जंगलातून मों लोरिए गावापर्यंत रेल्वे होती. त्या भागात वस्ती व्हावी म्हणून लाबेल नावाच्या एका धर्मगुरूनं या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले. तो १८९१ साली वारला आणि गाडी डोंगरात पोचली १८९२ साली. पुढे मोटारी आल्या, गाडी रिकामी धावू लागली आणि बंद पडली. मग रूळ काढले. रुळांखालच्या खडीवर सायकल चालत नाही, हाडं खिळखिळी होतात. म्हणून कुठे दगडाचा बारीक चुरा दाबून बसवला, कुठे डांबर घातलं, आणि १९९६ साली सायकलींना वाट मोकळी केली. आता ती दोनशे किलोमीटरहून लांब आहे. बर्च आणि देवदारासारखी झाडं, मधे मधे तळी. ट्रेंब्लांट गावाजवळ तर वाटेला लागूनच तळ्याचा काठ आहे. लोक सायकल टेकवून पोहायला उतरतात. जुनी स्टेशनं पाडली नाहीत. काहींत आता खानावळी आहेत. हिवाळ्यात बर्फ पडला की तीच वाट बर्फावर घसरत जायला वापरतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातली एल्रॉय ते स्पार्टा ही वाट त्याहून जुनी, १९६०च्या दशकातली. तिच्यावर तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून जास्त. आत दिवे नाहीत, छतातून पाणी ठिबकतं. सायकलवरून उतरून बॅटरी लावून चालत जायचं. गाड्या होत्या तेव्हा या बोगद्यांना लाकडी दारं होती. थंडीत आत बर्फ साचू नये म्हणून पहारेकरी दारं लावून घ्यायचा आणि गाडी आली की उघडायचा. गाडीसाठी दार उघडणारा माणूस! मला ही नोकरी आवडली असती.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे का नाही?

देवणीला रेल्वे कधी आलीच नाही. त्यामुळे तुझ्या शाळेच्या वाटेवर जुना रेल्वेमार्ग निघणार नाही, हे आधीच सांगतो. पण आपल्या लातूरला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी येत होती, हे तुझ्या आजोबांना विचार. बार्शी लाइट रेल्वे तिचं नाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभारली. बार्शीला १८९७ साली पोचली, लातूरला १९११ साली, आणि दुसऱ्या टोकाला मिरजेला १९२७ साली. चाकांच्या एका जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा नियम. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च वाचला. (याच माणसानं पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली. एका मित्राला विमान अपघातात मेलेलं पाहिल्यावर.) येडशीजवळ बालाघाटाचा डोंगर चढताना गाडी इतकी सावकाश जायची, की पोरं खाली उतरून बाजूनं चालायची आणि पुन्हा चढायची, असं जुनी माणसं हसत हसत सांगतात. तिथलं रामलिंगचं जंगल आज अभयारण्य आहे.

२००८पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर मार्ग साडेपाच फुटी झाला. हेच आपलं आणि त्यांचं वेगळेपण. त्यांची गाडी बंद पडली, आपली मोठी झाली! बहुतेक ठिकाणी नवे रूळ जुन्याच जागी बसतात. मग सायकलला जागा उरणार कुठून? आणि ते बरंच आहे, मला सायकलीपेक्षा गाडी हवी. पण नवा मार्ग धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, नेण्यासाठी वळवला. छोटी गाडी त्या शहराला जात नव्हती. अशा वळणांवर जुन्या मार्गाचे तुकडे बाजूला पडतात. लातूर शहरात अजूनही 'जुनी रेल्वे लाइन' असा पत्ता सांगतात.

असा पडलेला तुकडा फार दिवस टिकत नाही. खडी कुणाच्या तरी घराच्या पायात जाते. बाभळी उगवतात. शेजारचा नांगर दर साली वीतभर पुढे सरकतो. पट्टा एकदा मधे तुटला की त्याची वाट होत नाही, नुसती वेगवेगळी वावरं होतात. अमेरिकेनं यासाठी १९८३ साली कायदाच केला. गाडी बंद झाली तरी पट्टा अखंड राखायचा, तोवर लोकांना चालू-फिरू द्यायचा, आणि पुढे कधी रेल्वेला हवा झाला तर परत द्यायचा. आपल्याकडे तुकडे आहेत, ते राखायची घाई कुणाला नाही. हे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर.

प्रत्येक जुनी वाट सायकलला द्यावी असंही नाही. अकोला–खंडवा ही मीटर गेज मेळघाटातून जायची, धुळघाटाजवळ वेटोळ्यासारखं वळण घेत. नवा रुंद मार्ग जंगलाला वळसा घालून न्या, अशी मागणी झाली. तो बाहेरून गेला तर आतली जुनी वाट वाघांनाच राहू द्यावी असं मला वाटतं. आपण घंटी वाजवत तिथं कशाला जायचं?

आता आप्पांचं. आई-वडिलांनीही हे वाचावं. चढावर सायकलचा वेग पडतो, वेग पडला की हँडल डुगडुगतं, आणि नेमका तेव्हाच ट्रक आला तर पोरगी घाबरणारच. यात तिची चूक नाही, चढाची आहे. त्या सहाशे मीटरांपुरतं उतरून कडेनं सायकल ढकलत नेली तर पाच-सात मिनिटं जास्त लागतील. त्यासाठी सायकल बंद करावी का, एवढंच आप्पांना विचारतो.

पण तो चढ खरंच विसात एक आहे का? आपण मोजू. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. रविवारी सकाळी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन चढाच्या कडेला, रस्ता सोडून, चढाच्या दिशेनं ती जमिनीवर ठेवा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली घट्ट बूच लावून पट्टीवर आडवी ठेवा. पट्टीचं उताराकडचं टोक हळूहळू उचला. बाटलीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं दिसलं की थांबा आणि ते टोक जमिनीपासून किती सेंटिमीटर वर आलं ते मोजा. पाच आलं तर विसात एक. एक आलं तर शंभरात एक.

रुळांवर जाऊन मात्र कुणी मोजायचं नाही. तो गुन्हा आहे आणि जीव जातो तो वेगळाच. उदगीरहून गाडीत बसलात तर खिडकीतूनच पाहा. रुळांच्या कडेला लहान खांब दिसतात, त्यांना वर किंवा खाली झुकलेले हात असतात आणि त्यांवर आकडा लिहिलेला असतो. तोच चढ-उताराचा आकडा. कुठे इंग्रजी 'एल' दिसला तर तिथं सपाट. कुठल्या दोन स्टेशनांमधे कोणता आकडा दिसला ते लिहून पाठवा. आणि देवणीच्या मैत्रिणी, तुझ्या चढाचा आकडा सगळ्यात आधी.