पहारेकऱ्याचीही परीक्षा घ्या

आपल्या शाळेत वर्षातून किती परीक्षा होतात, हे विद्यार्थ्यांना विचारायला नको. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक; मुलांची सुटका नाही. पण याच शाळेत एक पहारेकरी असा आहे की, रुजू झाल्यापासून त्याची एकदाही परीक्षा झालेली नाही. संगणक कक्षाच्या छताला बसवलेले ते पांढरे, बशीएवढे यंत्र. स्मोक डिटेक्टर, म्हणजेच धूरसूचक.

मध्यंतरी आठवीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या डब्याला पिशवी का बांधली आहे?" वर पाहिले तर खरोखरच प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँडने घट्ट बसवलेली! चौकशीअंती उलगडा झाला. सरस्वतीपूजनाच्या दिवशी त्या कक्षात धूप लावला होता. भोंगा वाजू लागला. पूजेत व्यत्यय नको म्हणून कोणीतरी बाकावर चढून पिशवी बांधली. पूजा झाली, प्रसाद वाटला, पिशवी मात्र राहिली. वास्तविक धूर ओळखून तो पहारेकरी उत्तीर्ण झाला होता. बक्षीस म्हणून आपण त्याचे तोंड बांधले. पिशवी कोणी बांधली, हे आम्ही शोधलेले नाही आणि शोधणारही नाही. ती रोज समोर असून न दिसलेल्यांत आम्हीही आहोत.

एवढ्याशा पिशवीवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. जैनथच्या शेतकरी घरांतील मुलांना 'धुमसणे' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कापसाच्या ढिगात ठिणगी पडली तर ज्वाळा लगेच दिसत नाही. आतल्या आत कापूस धुमसत राहतो आणि आधी येतो तो धूर. विजेच्या तारेवरचे आवरण जळते तेव्हाही बहुधा असेच होते. ज्वाळेपासून माणूस पळतो. धूर त्याला झोपेतच गाठतो.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. आत १७ बाळे होती. १० दगावली, त्यांतील तिघे भाजून आणि सात जण धुराने गुदमरून. त्या कक्षात धूरसूचक नव्हता, हे नंतर पुढे आले. १८ मे २०२५ रोजी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात एका घराला लागलेल्या आगीत १७ जण गेले. त्यांत आठ लहान मुले होती. तेथेही धूरच घातक ठरला. अशा वेळी चार मिनिटे आधी मिळालेली सूचना ही पाण्याच्या टाकीपेक्षा मोलाची असते. आदिलाबादहून बंब येईपर्यंत आपले आपणच आहोत. नाहीतर 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्यालाच लागू पडायची.

काही पालकांचे म्हणणे असे की, आपल्या वर्गांना दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, पुढे व्हरांडा आहे. धूर कोंडणार कुठे? हे म्हणणे अगदी चुकीचे नाही. प्रत्येक वर्गात यंत्र बसवा, असा आमचा आग्रहही नाही. परंतु संगणक कक्ष धुळीसाठी बंद असतो. जुनी बाके, चित्रे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेली खोली महिनोन्महिने उघडत नाही. प्रयोगशाळा आहे, जिन्याखालची मीटरची जागा आहे. या चार ठिकाणी धूरसूचक हवाच. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात मात्र तो नको. फोडणीच्या धुराने तो रोज ओरडेल आणि आपण पुन्हा पिशवी शोधू. तेथे उष्णतेवर चालणारे यंत्र बसवावे.

यंत्राचे काम सोपे आहे. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तेव्हा तिच्यातले धुळीचे कण चमकताना आपण पाहतो. प्रकाशाचे हे विकिरण विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. बहुतेक धूरसूचकांच्या आत एक काळोखी कप्पा असतो. त्यात एक दिवा असतो आणि त्याचा प्रकाश थेट पडणार नाही असा, बाजूला, एक संवेदक असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. म्हणूनच धूळ, कोळिष्टक किंवा एखादा किडाही त्याला फसवू शकतो. जाळी धुळीने बुजली, तर खरा धूर आत पोचतच नाही. कापसाच्या हंगामात आपल्या गावात हवेत किती तंतू उडतात, ते आपण जाणतोच. यंत्र पंख्याच्या झोतातही नसावे, कारण वारा धूर भलतीकडे नेतो.

आता मुख्य मुद्दा. यंत्र बसवले म्हणजे काम झाले, असा आपल्याकडे समज आहे. उद्घाटन होते, छायाचित्र निघते, बिल मंजूर होते. पुढे? या यंत्रणेची निवड, मांडणी व देखभाल यांसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे आणि त्यात देखभालीला मांडणीइतकेच महत्त्व आहे. कार्यालयातील पॅनेलवरचे बटण दाबून भोंगा वाजला, तर भोंगा आणि त्याच्या तारा ठीक आहेत, एवढेच कळते. धूर यंत्रात शिरतो का, हे कळत नाही. त्यासाठी चाचणीकरिता बनवलेला फवारा मिळतो. तंत्रज्ञाकडून तो प्रत्येक यंत्रापाशी मारून घ्यावा. उदबत्ती किंवा कागद जाळून पाहू नये. काजळीने यंत्र बिघडते. पॅनेलवर योग्य खोलीचाच दिवा लागतो का, ते पाहावे. मुख्य वीज बंद करून बॅटरीवर भोंगा वाजतो का, हेही पाहावे, कारण तारांनी पेट घेतला की वीज आधी जाते.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. त्या घटनेवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. तेव्हा विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. अंदाजपत्रकात यंत्रांच्या खरेदीबरोबर दरवर्षीच्या चाचणीचीही तरतूद असावी. चाचणीची तारीख, तपासणाऱ्याची सही आणि आढळलेला दोष यांची नोंदवही हजेरीपटाशेजारी ठेवावी. पालकांनी सभेत ती मागून पाहावी. विद्यार्थ्यांनी भोंगा वाजताच दप्तर तेथेच ठेवून रांगेने मैदानात येण्याचा सराव करावा. आणि धूप लावायचा असेल, तर सरस्वतीची मूर्ती व्हरांड्यात मांडावी. देवी रागावणार नाही.

पिशवी आम्ही त्याच दिवशी काढली आणि पॅनेलवरचे बटण दाबून पाहिले. भोंगा वाजला. कार्यालयात सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या. पण मैदानापलीकडच्या पाचवीच्या वर्गात विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "कोणता भोंगा? आम्हाला तर काहीच ऐकू आले नाही." त्या वर्गात बेचाळीस मुले बसतात. दुसरा भोंगा कधी बसणार, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर आम्हाला विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हवे आहे.