पाण्याची भरलेली बाटली

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की आपल्या नगरकडच्या घराघरांतून एकच टूम निघते, 'चला भंडारदऱ्याला!' गेल्या श्रावणात आम्हीही निघालो. गाडीत हे, सासूबाई, नणंदबाई, मी आणि दोन्ही मुलं. पहाटे चारला उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. माणशी एक अशा पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या.

राहुरी मागं पडली आणि कोल्हारला प्रवरामाई भेटली. पुढं लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा तिच्या माहेराकडं जाणारा रस्ता. रंध्याच्या धबधब्याचे तुषार अंगावर घेतले. १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं दगडी धरण पाहिलं, रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. डोळे अगदी निवले.

रात्री घरी येऊन गाडी रिकामी करताना मात्र चपापले. यांची आणि मुलाची बाटली रिकामी. आम्हा तिघींच्या जवळजवळ भरलेल्या. आणि चौथी भरलेली बाटली माझ्या बारा वर्षांच्या लेकीची! विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कुणी पीत नव्हता, मग मी पण नाही प्याले."

कारण तुम्हाला सांगायला नकोच. सासूबाई तर आदल्या रात्रीपासूनच चहा-पाणी कमी करतात. वाटेत एका हॉटेलात विचारलं, तर दाराला कुलूप आणि किल्ली मालकाच्या खिशात. दुसरीकडं दार होतं, पण कडी नव्हती. पुरुषांचं काय, गाडी कडेला घेतली की झालं. आपण मात्र गप्प बसून 'लागली नाही' म्हणायचं.

या गप्प बसण्याची किंमत शरीर मोजतं. पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबवली की जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि बायकांना तो पुरुषांपेक्षा लवकर होतो. आपण एक दिवसाचे पाहुणे. रस्त्याकडेला कणसं भाजत बसलेली बाई दिवसभर काय करत असेल?

जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला काय लागतं, हे त्या माउलीनं ओळखलं होतं. २०२४ मध्ये जिल्ह्याला तिचं नाव मिळालं. मग तिच्या जिल्ह्यात लेकीबाळींनी तहान मारून प्रवास करायचा का?

सरकारनं करावं, हे तर खरंच. पण आपणही तोंड उघडू या. हॉटेलात चहा सांगण्याआधी विचारायचं, 'बायकांसाठी सोय आहे का?' नसेल तर सरळ पुढं जायचं. गिऱ्हाईक गेलं की मालकाला आपोआप समजतं. पेट्रोल पंपावर डिझेल भरतो, तिथं स्वच्छ सोय मागायला लाजायचं कशाला? गाव पर्यटनाचं असेल तर हा विषय ग्रामसभेत मांडायचा. बचत गटाच्या बायकांनी पाच रुपये घेऊन असं ठिकाण नीट चालवलं, तर त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि हो, घरच्या पुरुषांनाही सांगायचं, जेवणासारखाच हा थांबाही आधी ठरवून ठेवा.

पुढच्या सहलीला मी दशम्या कमी करीन एक वेळ. पण परतताना लेकीची बाटली रिकामी असली पाहिजे. आणि ती प्यावी म्हणून आधी माझी!