मजुरांची ने-आण: कॉस्टिंगमधला विसरलेला रकाना



कॉस्टिंगच्या व्हिडिओत आपण मालाची खरेदी, गाडीभाडं, हमाली, तूट असं सगळं वहीत मांडलं. एक रकाना मात्र राहिला: कामाच्या माणसांची ने-आण. आज त्याबद्दल बोलायचंय.

१४-१५ फेब्रुवारी २०२१ ची रात्र. धुळ्याकडून रावेरकडे निघालेला पपईचा ट्रक आपल्या यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. मालासोबत मजूरही त्याच ट्रकमध्ये होते. किमान १५ जण गेले. बहुतेक रावेर तालुक्यातले, आभोडा-केऱ्हाळा भागातले. पुरुष होते, बाया होत्या, लहान लेकरंही होती.

कामावरचा मृत्यू म्हटलं की आपल्याला बॉयलर नाहीतर मशीन आठवतं. सरकारची कारखाना अपघातांची आकडेवारीही नोंदणी झालेल्या कारखान्यांचीच असते. किनगावची नोंद झाली 'रस्ते अपघात' म्हणून. पण ही माणसं फिरायला गेली नव्हती, रोजावर गेली होती. माझ्या मते हे कामावरचेच मृत्यू आहेत, आणि धंदेवाल्याने ते तसेच मोजले पाहिजेत.

खरं सांगतो, माझ्या दुकानाचा माल यायचा तेव्हा हमाल छोटा हत्तीत पोत्यांवर बसूनच यायचे. दुसऱ्या गाडीचं भाडं वाचायचं, म्हणून मीही कधी काही बोललो नाही. ते भाडं मी वाचवत नव्हतो, हमालांच्या जिवावर ढकलत होतो.

आता हिशोब बघा. कामामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ पासून आहे. आता तो भाग सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. सूत्र सोपं आहे: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. मजूर ३० वर्षांचा, पगार १२,००० असेल तर ६,००० × २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. "माणसं मुकादमाची होती" म्हणून सुटका होईलच असं नाही. काम तुमच्या धंद्याचं असेल तर मागणी आधी तुमच्याकडे येऊ शकते, मुकादमाकडून वसुली नंतर.

"गाडीचा विमा आहे ना!" असं म्हणाल. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय. हमालांचा विमा पॉलिसीत वेगळा घेतलाय का, आणि किती जणांचा, ते आजच वाचा.

मग करायचं काय?

१. माणसांसाठी रिक्षा किंवा काळी-पिवळी वेगळी लावा. ते भाडं मालाच्या दरात धरा.
२. हमाल-मजुरांसाठी कामगार भरपाईचा विमा घ्या.
३. प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. मालकाची जबाबदारी यातून संपत नाही, पण घरच्यांना आधार होतो.
४. रात्रीचं लोडिंग असेल तर माणसांचा मुक्काम तिथेच करा. सकाळी निघू द्या.

"एवढं केलं तर मार्जिन उरत नाही," असं काही जण म्हणतील. मी म्हणतो, मग तुमचा दरच चुकलाय. माणूस मालावर बसवूनच जो धंदा परवडतो, तो परवडतच नाही.

आज वही उघडा आणि तो रकाना आखा.